युरोपच्या आतल्या रेघा कोण हलवतं, आणि कशा

१९९२ मध्ये डच बिअरसम्राट फ्रेडी हायनेकन यांनी दोन इतिहासकारांना हाताशी धरून युरोपचा नवा नकाशा मांडला. त्यात ७५ छोटी राज्यं होती आणि प्रत्येकात साधारण ५० लाख ते १ कोटी माणसं. असे नकाशे दर काही वर्षांनी कुणीतरी काढतंच. रंगीत असतात, बघायला मजा येते, चर्चा होते आणि विषय संपतो.

युरोपीय संघाच्या आतला नकाशा मात्र खरोखरच बदलत असतो, साधारण दर तीन वर्षांनी. त्याची बातमी होत नाही, कारण हा बदल एका नियमाच्या परिशिष्टातल्या तक्त्यात होतो. तक्त्यातला एक सांकेतिक क्रमांक जातो आणि त्याच्या जागी दोन नवे येतात. जमिनीवर एक दगडही हलत नाही, पण त्या क्रमांकांच्या मागे येणारा पैसा कोट्यवधी युरोंनी इकडचा तिकडे होऊ शकतो. राज्यांच्या सीमांवर वाद घालणाऱ्यांनी हायनेकनच्या नकाशापेक्षा हा तक्ता आधी वाचावा, असं माझं मत आहे.

या तक्त्याचं नाव नट्स. काजू-बदामाशी संबंध नाही. प्रादेशिक सांख्यिकी एककांची नामावली अशा अर्थाच्या फ्रेंच नावाची ती आद्याक्षरं आहेत. युरोस्टॅट ही संघाची सांख्यिकी कचेरी १९७० च्या दशकापासून ही विभागणी वापरत होती, पण तिला कायद्याचं बळ मिळालं ते २००३ च्या १०५९ क्रमांकाच्या नियमाने. विभागणीला तीन मजले आहेत. पहिल्या मजल्यावर ३० ते ७० लाख लोकसंख्येचे विभाग, दुसऱ्यावर ८ ते ३० लाखांचे, तिसऱ्यावर दीड ते ८ लाखांचे. १ जानेवारी २०२४ पासून लागू असलेल्या आवृत्तीत पहिल्या मजल्यावर ९२, दुसऱ्यावर २४४ आणि तिसऱ्यावर १,१६५ विभाग आहेत. त्याखाली नगरपालिका आणि ग्रामपालिका येतात.

सांकेतिक क्रमांक वाचायला सोपा आहे. आधी देशाची दोन अक्षरं, मग प्रत्येक मजल्याचं एक चिन्ह. डीई म्हणजे जर्मनी, डीई२ म्हणजे बव्हेरिया, डीई२१ म्हणजे वरचा बव्हेरिया आणि डीई२१२ म्हणजे म्यूनिक शहर. १ ते ९ संपले की ए, बी, सी सुरू होतं. दूतावास, समुद्रातले तेलाचे मनोरे असं जे कुठल्याच प्रदेशात बसत नाही, त्याच्यासाठी झेडचा वेगळा कप्पा ठेवलेला आहे. कारकुनी काटेकोरपणाचं मला मनापासून कौतुक वाटतं ते अशा ठिकाणी.

यात नवखा माणूस हमखास चुकतो. ८ ते ३० लाख ही मर्यादा प्रत्येक विभागाला लागू नाही. एखाद्या देशातल्या त्या प्रकारच्या सगळ्या विभागांची सरासरी लोकसंख्या या पट्ट्यात बसायला हवी, एवढीच अट आहे. म्हणून पॅरिसभोवतीचा १ कोटी २० लाखांचा ईल-द-फ्रान्स दुसऱ्या मजल्यावर आहे आणि फिनलंडचं जेमतेम ३० हजार वस्तीचं ओलांद बेटही त्याच मजल्यावर आहे. दोघांनाही तक्त्यात एकेकच ओळ.

आता पैशाकडे येऊ. संघाच्या कोहिजन धोरणाचा, म्हणजे श्रीमंत-गरीब प्रदेशांतली दरी कमी करण्यासाठीच्या निधीचा, मोठा हिस्सा दुसऱ्या मजल्यावरच्या विभागांना बघून वाटला जातो. विभागाचा दरडोई जीडीपी, क्रयशक्तीनुसार जुळवून घेतलेला, संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर तो ‘कमी विकसित’. ७५ ते १०० टक्क्यांत असेल तर ‘संक्रमणातला’. त्यावर ‘अधिक विकसित’. २०२१–२७ या सात वर्षांसाठी २०१५, २०१६ आणि २०१७ या तीन वर्षांची सरासरी धरली गेली. कमी विकसित विभागात संघ खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत वाटा उचलतो, संक्रमणातल्यात सर्वसाधारणपणे ६० टक्क्यांपर्यंत आणि अधिक विकसितमध्ये ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे १०० युरोच्या कामाला एका ठिकाणी पदरचे १५ घालायचे आणि दुसरीकडे ६०. शिवाय एकूण रक्कम ठरवतानाही गरीब विभागाची लोकसंख्या आणि सरासरीपासूनची त्याची तूट हे दोन्ही गुणाकारात येतात. उद्योगांना सरकारने किती सवलत द्यावी याच्या नियमांतही हीच ७५ ची रेघ आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक शहर आहे, १० लाख वस्तीचं, दरडोई जीडीपी संघाच्या सरासरीच्या १५० टक्के. त्याच्याभोवती २० लाखांचा ग्रामीण पट्टा, दरडोई ६० टक्के. दोन्ही मिळून एक विभाग केला तर १० गुणिले १५० अधिक २० गुणिले ६०, म्हणजे २,७००. भागिले ३०, म्हणजे ९०. विभाग संक्रमणात गेला. पट्ट्यातली २० लाख माणसं ६० वरच आहेत, पण तक्त्यात ती ९० वर दिसतात. मधे रेघ ओढली तर शहर १५० वर, अधिक विकसित. पट्टा ६० वर, कमी विकसित. एकाही माणसाचं उत्पन्न बदललं नाही.

हाच हिशेब हौशी लोक कसा चुकवतात तेही बघा. १५० आणि ६० यांची बेरीज करून दोनने भागतात आणि १०५ काढतात. खरं उत्तर ९०. इथे चूक फक्त पंधराची दिसते, पण तिच्यामुळे विभागाचा वर्गच बदलला. सरासरीची सरासरी कधी काढू नये. आधी सगळ्या तुकड्यांचा एकूण जीडीपी आणि एकूण लोकसंख्या यांची बेरीज करावी आणि भागाकार सगळ्यात शेवटी करावा.

आपल्याला हे दुखणं नवं नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाड्याचे आकडे ठाणे, कल्याण, नवी मुंबई यांच्या आकड्यांत मिसळून जायचे. अनुशेष मोजताना एकक जिल्हा धरायचा की तालुका, हा वाद आपल्याकडे दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत चालत आला आहे. युरोपात फरक इतकाच, की तिथे एककाचा नियम लिहून ठेवलेला आहे आणि त्यामुळे त्या नियमाशी खेळही उघडपणे खेळला जातो.

या हिशेबात आणखी एक खोट आहे आणि ती रेघ कुठेही ओढली तरी जात नाही. जीडीपी मोजला जातो कामाच्या जागी, लोकसंख्या मोजली जाते राहत्या घरी. लक्झेंबर्गमध्ये फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज दोन लाखांहून जास्त माणसं कामाला येतात. त्यांनी निर्माण केलेलं मूल्य अंशात मोजलं जातं, पण संध्याकाळी ती घरी परततात म्हणून छेदात ती नाहीत. त्यामुळे लक्झेंबर्गचा दरडोई आकडा संघाच्या सरासरीच्या दुपटीहूनही वर जातो. उलट, जिथून माणसं कामाला बाहेर जातात ते उपनगर कागदावर आहे त्यापेक्षा गरीब दिसतं. शहर आणि उपनगर यांच्यात रेघ ओढली की दोन्हीकडे हा विपर्यास वाढतो. विभाग तोडा म्हणणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत.

मग रेघ हलवायची कशी? नियमाप्रमाणे पहिला मान प्रत्यक्षात कारभार असलेल्या विभागांना: जिथे निर्णय घेणारी सत्ता आहे असा प्रांत, जिल्हा, परगणा. देशाने स्वतःच्या कायद्याने प्रांतांची फेररचना केली तर त्याने ती युरोपीय आयोगाला कळवायची आणि आयोग पुढच्या दुरुस्तीत ती घेतो. योग्य आकाराचे प्रांत देशात नसतील तर लहान विभाग एकत्र करून निव्वळ सांख्यिकी विभाग बनवता येतो. दुरुस्त्या दर तीन वर्षांपेक्षा जास्त वेळा करता येत नाहीत. फारच मोठी फेररचना झाली तरच अपवाद. दुरुस्ती मंजूर झाल्यावर ती लागू व्हायला वर्षाहून जास्त काळ जातो. २०१६ ची आवृत्ती नोव्हेंबर २०१६ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून चालू झाली. सध्याची डिसेंबर २०२२ मध्ये ठरली आणि जानेवारी २०२४ ला लागू झाली.

निव्वळ सांख्यिकी विभाग बदलायचा असेल तर एक मजेशीर अट आहे. त्या मजल्यावरच्या सगळ्या युरोपीय विभागांच्या लोकसंख्येचं प्रमाण विचलन त्या बदलाने कमी झालं पाहिजे. सोप्या भाषेत, विभागांचे आकार एकमेकांच्या जवळ यायला हवेत, लांब नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या विभागाची सरासरी लोकसंख्या साधारण साडेअठरा लाख पडते. एखाद्या अवजड विभागाचे या आकड्याच्या आसपासचे दोन तुकडे पडत असतील तर वाट सोपी. चिमुकला गरीब कोपरा तेवढा कापून काढायचा बेत असेल तर गणितच आडवं येऊ शकतं. राजकारण्यांच्या हातातली कात्री बोथट करायला कुणीतरी संख्याशास्त्र वापरलं, हे मला फार आवडतं.

आणि सगळ्यात कष्टाचं काम नंतर येतं. नव्या विभागांची मागच्या वर्षांची आकडेवारी देशाने पुन्हा तयार करून द्यायची असते. विभाग आज जन्मला तरी त्याचा इतिहास मागे जाऊन लिहावा लागतो. तो नसेल तर तीन वर्षांची सरासरी कशाची काढणार?

नियम ताणायचा प्रयत्न कसा फसतो, ते आयर्लंडकडून शिकावं. १९९९ पर्यंत सगळा देश दुसऱ्या मजल्यावरचा एकच विभाग होता. १९९० च्या दशकात तो इतक्या वेगाने श्रीमंत झाला की पूर्ण देशच ७५ च्या वर चालला होता. म्हणून देशाचे दोन भाग करायचं ठरलं, म्हणजे मागे राहिलेल्या पश्चिमेला तरी २००० ते २००६ चा मोठा निधी मिळत राहील. सरकारने मागास भागात १५ परगणे सुचवले. त्यात केरी आणि क्लेअर हे दोन होते. राजकीय दबावाने ते आत आले होते, पण बाकीच्या भागाशी त्यांची सांगड बसत नव्हती. युरोस्टॅटने यादी मान्य केली नाही. १९९९ मध्ये शेवटी १३ परगण्यांचा ‘बॉर्डर, मिडलँड अँड वेस्टर्न’ विभाग झाला. केरी आणि क्लेअर दुसऱ्या बाजूला राहिले. दोन्ही भागांसाठी प्रादेशिक सभा स्थापन झाल्या, पण त्यांच्याकडे ना कराचा अधिकार, ना कायद्याचा. पैसा मिळवण्यासाठी ओढलेल्या रेघेवर नंतर कारभाराचा शेंदूर फासला, एवढंच.

ती रेघ फार टिकलीही नाही. २०१८ पासून आयर्लंडचे तीन विभाग आहेत आणि मूळच्या तेरातले फक्त आठ परगणे ‘नॉर्दर्न अँड वेस्टर्न’मध्ये उरले. मधल्या काळात २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये आल्याने देशाचा जीडीपी एका वर्षात सुमारे पावपट वाढला. २०१५ हे वर्ष पुढच्या वर्गवारीच्या सरासरीत होतं. तक्त्याला हे कळत नाही की पैसा कॉर्क शहरातल्या कारखान्यात आला की फक्त कंपनीच्या खातेवहीत.

फ्रान्सची गोष्ट उलट्या दिशेची. तिथे रेघा पुसल्या गेल्या. १ जानेवारी २०१६ ला युरोपातल्या फ्रान्सचे, कॉर्सिका बेट धरून, २२ प्रांत १३ झाले. अल्सास, लोरेन आणि शांपेन-आर्देन मिळून ‘ग्रांद एस्त’ झाला. आकितेन, लिमुझें आणि प्वातू-शारांत मिळून ‘नुव्हेल आकितेन’ झाला, जो क्षेत्रफळाने ऑस्ट्रियाहूनही किंचित मोठा आहे. आता गणित करा. समुद्रापारचे पाच धरून फ्रान्सचे १८ प्रांत आणि सुमारे ६ कोटी ७० लाख लोक, म्हणजे प्रांतामागे सरासरी ३७ लाख. दुसऱ्या मजल्याची कमाल सरासरी ३० लाख. नवे प्रांत त्या मजल्यावर मावेनात! ते पहिल्या मजल्यावर गेले आणि दुसऱ्या मजल्यावर जुनेच राहिले. त्यामुळे पॅरिसने जे प्रांत कायद्याने मोडले ते युरोस्टॅटच्या तक्त्यात आजही जिवंत आहेत. बदलले ते क्रमांक तेवढे: अल्सासचा एफआर४२ चा एफआरएफ१ झाला. निधीचा वर्ग अजून जुन्या लिमुझेंचा, जुन्या लोरेनचा मोजला जातो, आणि निधीचा कारभार बघते ती नव्या प्रांताची सभा.

अल्सासने विलीनीकरणाचा राग सोडला नाही. २०२१ पासून तिथले दोन जिल्हे एकत्र करून ‘युरोपीय अल्सास समूह’ नावाची संस्था झाली. प्रांताचा दर्जा मात्र परत मिळाला नाही. ज्या प्रदेशाला स्वतःचं नाव आणि स्वतःची बोली आहे, तो दिशेवरून ठेवलेल्या नावाखाली सुखाने राहत नाही. ‘मोठा पूर्व’ म्हणजे ‘ग्रांद एस्त’ हे नाव नगररचना खात्याच्या फाइलवर शोभेल.

पोलंड, हंगेरी आणि लिथुआनियाने एकाच आवृत्तीत, २०१८ पासून, राजधानी वेगळी काढली. वॉर्सा आणि भोवतालचे नऊ जिल्हे एका बाजूला, माझोव्हिया प्रांताचा उरलेला भाग दुसऱ्या. बुडापेस्ट एकीकडे आणि त्याला वेढून असलेला पेश्त परगणा दुसरीकडे. व्हिल्नियस एकीकडे आणि बाकी सगळा लिथुआनिया दुसरीकडे. तिन्हीकडे उरलेला भाग २०२१–२७ साठी कमी विकसित ठरला, राजधानी अधिक विकसित. पोलंडचं वैशिष्ट्य असं की प्रांताची सभा एकच राहिली. १९९९ मध्ये तिथे ४९ चे १६ प्रांत झाले होते, ती रचना मोडायची कुणाचीच तयारी नव्हती. म्हणून एकाच सभेने एकाच कार्यक्रमात दोन वर्गांचे पैसे दोन वेगळ्या कप्प्यांत सांभाळायचे, अशी व्यवस्था झाली. रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या कामाचा खर्च कुठल्या कप्प्यात किती टाकायचा, ही त्यातली रोजची डोकेदुखी.

कधीकधी रेघ न हलवताही विभाग हलतो. २००४ मध्ये दहा देश आले, बहुतेक गरीब, आणि संघाची सरासरी खाली आली. स्पेनचे अस्तुरियास आणि मुर्सिया, पोर्तुगालचं अल्गार्व्हे जागच्या जागी राहून ७५ च्या वर गेले, कारण मोजपट्टीच आखूड झाली. अशा विभागांसाठी २००७–१३ मध्ये हळूहळू कमी होत जाणारा वेगळा निधी ठेवावा लागला. बाहेरची सीमा बदलली की आतल्या सगळ्या रेघांचा अर्थ बदलतो, हे विस्ताराच्या भाषणांत कुणी बोलत नाही.

स्वतः रेघा ओढून बघायच्या असतील तर साहित्य फुकट आहे. युरोस्टॅटच्या जिस्को या नकाशांचं काम बघणाऱ्या विभागाकडे सीमांच्या फाइली मिळतात, १:१० लाख ते १:६ कोटी अशा वेगवेगळ्या प्रमाणांत. बारकाईचं काम असेल तर १:१० लाख घ्या. ६ कोटीची फाइल पूर्ण खंडाच्या छोट्या चित्रापुरतीच, तिच्यात किनारे आणि बेटं ओळखू येत नाहीत. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, ३०३५ क्रमांकाचं निवडा, त्यात क्षेत्रफळ विकृत होत नाही. वेबनकाशांचं नेहमीचं प्रक्षेपण वापरलंत तर उत्तर फिनलंड अवाढव्य दिसेल आणि बघणाऱ्याचं मत तिथेच झुकेल. तिसऱ्या मजल्याचे विभाग विटा म्हणून वापरा. त्याखाली जायचा मोह होईल, पण नगरपालिकांची लोकसंख्या मिळते, जीडीपी मिळत नाही. तो तिसऱ्या मजल्यावरच थांबतो. लोकसंख्येच्या प्रमाणात वरचा जीडीपी खाली वाटून टाकणं हा उपाय नाही, कारण त्यात आपण शोधायला निघालो तो फरकच पुसला जातो.

फाइली जोडताना नावावरून जोडू नका, क्रमांकावरून जोडा, आणि दोन्हीकडे एकाच सालची आवृत्ती आहे ना ते आधी बघा. २०१३ च्या सीमा आणि आजचे आकडे जोडलेत तर जवळजवळ अख्खा फ्रान्स पांढरा दिसेल. ग्रीसचा क्रमांक ईएलने सुरू होतो, जीआरने नाही. दर वेळी कुणीतरी ग्रीस हरवतंच. नगरपालिकांचे क्रमांक एक्सेलमध्ये उघडले की सुरुवातीची शून्यं गळतात, म्हणून तो रकाना आधी मजकूर म्हणून ठरवून घ्या. आणि नकाशा पहिल्यांदा उघडल्यावर युरोप कोपऱ्यात ठिपक्याएवढा दिसला तर घाबरू नका. रेयुनियों आणि मायोत ही फ्रेंच बेटं हिंदी महासागरात आहेत, ती तक्त्यात आहेत म्हणून नकाशातही आहेत. त्यांना वेगळी चौकट करून बाजूला ठेवा. वगळू मात्र नका, मायोत हा संघातल्या सगळ्यात गरीब विभागांपैकी एक आहे.

पोर्तुगाल शेवटी ठेवला, कारण रेघांचे सगळे रोग तिथे एकत्र सापडतात. पूर्वी लिस्बन आणि तेजो नदीचं खोरं असा एक विभाग होता. लिस्बनच्या श्रीमंतीमुळे तो सगळाच सर्वाधिक निधीच्या वर्गातून बाहेर पडू लागला. म्हणून २००२ मध्ये त्याचे बाहेरचे तुकडे कागदावर तोडले गेले. ओएश्ते आणि मेदियो तेजो हे उत्तरेच्या सेंत्रो विभागाला जोडले, लेझीरिया दक्षिणेच्या अलेंतेजोला. निधी वाचला. पण नियोजनाचा कारभार पूर्वीच्याच लिस्बनच्या प्रादेशिक आयोगाकडे राहिला. परिणाम असा की लेझीरियातल्या सांतारें नगरपालिकेला जमीनवापराच्या आराखड्यासाठी लिस्बनचं दार ठोठावावं लागे आणि युरोपीय निधीसाठी अलेंतेजोतल्या एव्होराचं. ओएश्तेमधल्या तोरेस वेद्रासला निधीसाठी सेंत्रोतलं कोइंब्रा गाठावं लागे. आराखडा मंजूर करणारा एक आणि त्या आराखड्यातल्या कामाला पैसे देणारा दुसरा, दोघांच्या प्राथमिकता वेगळ्या. वीस वर्षं हे चाललं.

दुसरी जखम नदीपलीकडची. लिस्बनसमोर तेजोच्या दक्षिण तीरावर सेतूबलचा द्वीपकल्प आहे: अल्मादा, बारेइरो, सेशाल, मोइता, मोंतिजो, अल्कोशेत, पाल्मेला, सेसिंब्रा आणि सेतूबल अशा नऊ नगरपालिका, वस्ती सुमारे आठ लाख. बारेइरोची जुनी कारखानदारी बंद पडली, पाल्मेलात मोटारींचा मोठा कारखाना आहे, आणि रोज सकाळी कासिल्यासच्या धक्क्यावरून बोटींनी आणि ‘२५ एप्रिल’ पुलावरून गाड्यांनी माणसं लिस्बनला कामाला जातात. त्यांचं काम मोजलं जातं उत्तर तीरावर, ती मोजली जातात दक्षिण तीरावर. हा द्वीपकल्प आधी निदान तिसऱ्या मजल्यावर वेगळा होता. २०१३ च्या आवृत्तीत तोही लिस्बन महानगरात विरघळला. पैसा तर आधीच नव्हता, आता आकडाही गेला. द्वीपकल्पाचा जीडीपी वेगळा छापला जाणंच थांबलं. आपण मागे आहोत हे सिद्ध करायला लागणारा पुरावाच त्या फेररचनेने काढून घेतला. रेघ पुसल्याने होणारं मला माहीत असलेलं हे सगळ्यात मोठं नुकसान. महानगर १०० च्या वर असल्याने अधिक विकसित, वाटा ४० टक्के. नदीच्या दक्षिणेला थोडं पुढे गेलं की अलेंतेजो सुरू होतो, तिथे ८५.

२०२४ च्या आवृत्तीत दोन्ही दुरुस्त्या झाल्या. ओएश्ते, मेदियो तेजो आणि लेझीरिया मिळून ‘ओएश्ते आणि तेजो खोरं’ हा नवा विभाग झाला आणि लिस्बन महानगराचे ‘बृहद् लिस्बन’ आणि ‘सेतूबल द्वीपकल्प’ असे दोन झाले. दुसऱ्या मजल्यावरचे विभाग २४२ वरून २४४ झाले, ती वाढ हीच. पण २०२१–२७ ची यादी २०१६ च्या आवृत्तीवरून बनलेली आहे. त्यामुळे ही सात वर्षं संपेपर्यंत द्वीपकल्प निधीच्या हिशेबात लिस्बनच्याच सरासरीत आहे. नव्या क्रमांकाचा उपयोग व्हायचा तो २०२८ पासून. आणि जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८–३४ साठी जो प्रस्ताव मांडला, त्यात कोहिजन आणि शेतीचा निधी एकत्र करून प्रत्येक देशाचा एकेकच आराखडा असावा, असं म्हटलं आहे. तसं झालं तर वाटपाच्या बऱ्याच गोष्टी ब्रुसेल्सऐवजी लिस्बनमध्ये ठरतील, नदीच्या उत्तर तीरावर.